मेसच्या नावानं चांगभलं!

जगातल्या कुठल्याही होस्टेलवर जा, दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे मेसचं जेवण आणि दुसरी म्हणजे त्या जेवणाला पोरांनी ठेवलेली नावं. आपल्या मेसला किती नावं आहेत ती इथे छापता येणार नाहीत, कारण हा अंक रेक्टर सरही वाचतात. पण मेसला ठेवलेलं एक नाव असं आहे की ते पुढे जगभर गेलं. आज जवळजवळ दोन हजार क्लब ते नाव अभिमानाने मिरवतात, त्याचे टी-शर्ट छापतात, आणि दर आठवड्याला त्या नावाखाली चिखलातून, काट्याकुट्यातून पळतात. ते नाव म्हणजे 'हॅश हाऊस'. मेस होती क्वालालंपूरची, साल होतं १९३८. आणि हे नाव क्लबला द्यायचं ज्याच्या डोक्यात आलं तो माणूस अल्बर्ट स्टीफन इग्नेशियस गिस्पर्ट. मित्र त्याला नुसतं 'जी' म्हणायचे. आपल्याकडे 'जी' आदराने लावतात, तिकडे ते आडनावाचं पहिलं अक्षर होतं, एवढाच फरक.

आता 'हॅश' म्हटल्यावर काही जणांचे डोळे चमकले असतील आणि सरांच्या भुवया वर गेल्या असतील. तसलं काही नाही! हॅश म्हणजे उरलंसुरलं मांस नि बटाटे बारीक चिरून, एकत्र परतून केलेला पदार्थ. आपल्याकडे कालच्या पोळ्यांचा आज सकाळी कुस्करा होतो, तसलाच प्रकार. कॉम्प्युटरवाल्यांचं हॅश फंक्शनसुद्धा याच शब्दावरून आलंय : चिरा आणि मिसळून टाका. असो.

गिस्पर्टकडे जायच्या आधी थोडं मागे जावं लागेल, कारण त्याने जो खेळ उचलला तो त्याच्याही शंभर वर्षं आधीचा. आणि तो खेळ काढला कोणी? होस्टेलच्याच पोरांनी.

इंग्लंडमध्ये बड्या लोकांना सशाच्या शिकारीचा भारी शौक. शिकारी कुत्र्यांचा कळप सशाचा वास घेत धावणार, आणि माणसं घोड्यावर किंवा पायी त्यांच्या मागे. या कुत्र्यांच्या जातीला 'हॅरियर' म्हणतात. बोर्डिंग शाळेतल्या मुलांकडे कुठली कुत्री आणि कुठले ससे! मग त्यांनी स्वतःच ससे आणि कुत्री व्हायचं ठरवलं. दोन मुलं 'ससे' होणार. त्यांच्या खांद्याला पिशव्या, पिशवीत फाडलेल्या कागदांचे कपटे. ते आधी सुटणार आणि धावता धावता कपटे टाकत जाणार. कपटे म्हणजे सशाचा 'वास'. थोड्या वेळाने बाकीची सगळी फौज 'कुत्री' बनून त्या कपट्यांचा माग काढत सुटणार. शेतं, कुंपणं, ओढे, चिखल, काही वर्ज्य नाही. लहानपणी गल्लीत खडूने बाण काढत चोर-पोलीस खेळलेल्यांना ही गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

श्रूजबरी नावाच्या शाळेत या खेळाच्या लेखी नोंदी १८३१ पासूनच्या आहेत. तिथे धावणाऱ्या संघालाच 'हंट' म्हणजे शिकार म्हणतात, कप्तानाला 'हंट्समन' म्हणतात आणि शर्यत जिंकणं म्हणजे 'किल'. रग्बी शाळेतही तेच वेड होतं. थॉमस ह्यूजने १८५७ साली 'टॉम ब्राऊन्स स्कूल डेज' ही कादंबरी लिहिली, त्यात या खेळाचं अख्खं वर्णन आहे. त्यातला एक नियम मला लक्षात राहिला. ससे पोचल्यानंतर पाव तासाच्या आत जे पोचतील तेवढेच मोजायचे. बाकीचे? बाकीचे धावलेच नाहीत असं समजायचं. कादंबरीतला टॉम आणि त्याचे दोन मित्र जीव तोडून धावतात, वाट चुकतात, चिखलाने माखून रात्री उशिरा परत येतात, आणि त्यांची मोजणी होत नाही. हा पाव तासाचा नियम जरा ध्यानात ठेवा.

ही पोरं मोठी झाली, नोकरीला लागली, पण खोड गेली नाही. १८६८ मध्ये लंडनच्या थेम्स रोइंग क्लबातल्या काही लोकांनी हिवाळ्यात व्यायाम हवा म्हणून 'थेम्स हेअर अँड हाउंड्स' हा क्लब काढला. त्यात वॉल्टर राय नावाचा गडी पुढे होता. क्लब कुठे भरायचा? तर रोहॅम्प्टनच्या 'किंग्ज हेड' नावाच्या पबात! यात आश्चर्य काही नाही. या क्लबांकडे स्वतःची जागा नव्हती, ग्राउंड नव्हतं. कपडे बदलायला खोली, चिखल धुवायला पाणी, शेकोटी, आणि वर खायची-प्यायची सोय हे सगळं एका छताखाली कुठे मिळणार? गावाबाहेरच्या पबात. त्यामुळे पळणं आणि पब यांची गाठ तेव्हाच पक्की बसली. पुढच्याच वर्षी 'पेकहॅम हेअर अँड हाउंड्स' निघाला, तो पुढे 'ब्लॅकहीथ हॅरियर्स' झाला. मग गावोगाव 'हॅरियर्स' झाले. आजसुद्धा इंग्लंडमधल्या कित्येक ॲथलेटिक्स क्लबांच्या नावात 'हॅरियर्स' असतं आणि तिथे धावणाऱ्या निम्म्या लोकांना आपण कुत्र्याच्या जातीचं नाव छातीवर लावून फिरतोय याचा पत्ता नसेल.

पण क्लब झाले की स्पर्धा आली, स्पर्धा आली की घड्याळ आलं. १८७६ मध्ये एपिंगच्या जंगलात पहिली राष्ट्रीय क्रॉसकंट्री शर्यत ठेवली. सगळे धावपटू वाट चुकले आणि शर्यत रद्द करावी लागली! मला तर वाटतं त्या जंगलात जुन्या खेळाने जाता जाता नव्या खेळाला मारलेली ती टपली होती. पण आयोजक शहाणे झाले. हळूहळू कपटे गेले, ससे गेले, आखलेला मार्ग आला, नंबर आले, पहिला-दुसरा-तिसरा आले. क्रॉसकंट्री हा गंभीर खेळ झाला. आणि तो खेळ कोणाचा? अर्थात जो सगळ्यांत जोरात पळतो त्याचा.

आता गिस्पर्ट. हा जोरात पळणाऱ्यांपैकी नव्हता, हे पहिल्यांदा सांगून टाकतो. त्याच्याबद्दल मित्रांनी नंतर जे सांगून ठेवलंय त्यातून माणूस उभा राहतो तो असा : बुटका, अंगाने गोल, चष्मेवाला, गप्पिष्ट, माणसांत रमणारा. धावण्यापेक्षा धावून झाल्यावर जे मिळतं त्यावर त्याचा जास्त जीव. थोडक्यात काय, स्पोर्ट्स डेला 'ॲथलीट' म्हणून ज्याच्याकडे कोणी बघणार नाही असा.

जन्म ३१ जुलै १९०३, लंडन. आईवडील मूळ कॅटलन घराण्यातले, म्हणजे स्पेनच्या ईशान्येकडचे, म्हणून हे इंग्लिश न वाटणारं आडनाव. शिकून तो चार्टर्ड अकाउंटंट झाला. त्या काळच्या मलायात (आजचं मलेशिया) कथिल आणि रबर यांचा पैसा खोऱ्याने वाहत होता. पैसा आला की हिशेब आले आणि हिशेब आले की हिशेबनीस. 'इव्हॅट अँड कंपनी' या फर्ममध्ये नोकरी धरून गिस्पर्ट मलायात गेला. साधी कहाणी आहे. आपल्यातले निम्मे जण कँपसमधून जिथे ऑफर मिळेल तिथे जातात, तसंच.

१९३७ मध्ये त्याची बदली मलाक्काला झाली. तिथे 'स्प्रिंगिट हॅरियर्स' नावाची एक मंडळी संध्याकाळी कागदाच्या कपट्यांमागे धावायची. मलायात असे गट इकडेतिकडे होते. साहेब लोक इंग्लंडच्या शाळांतून हा खेळ बरोबर घेऊन आले होते. गिस्पर्ट त्यांच्यात धावला आणि खूश झाला. पुढे क्वालालंपूरला बदली झाली तेव्हा हा खेळ डोक्यात घेऊनच तो तिथे पोचला.

क्वालालंपूरला सेलांगोर क्लब होता, १८८४ सालचा, शहराच्या मधल्या मोठ्या मैदानाच्या कडेला. त्या मैदानाला आज मर्देका चौक म्हणतात. क्लबाच्या 'सेलांगोर क्लब चेंबर्स'मध्ये बरेच ब्रह्मचारी साहेब राहत. म्हणजे होस्टेलच की! आणि तिथल्या जेवणाची तऱ्हा काय होती? रोज तेच, त्याच चवीचं, म्हणजे बेचव. म्हणून राहणाऱ्यांनी त्या मेसला 'हॅश हाऊस' नाव ठेवलं होतं. हे वाचलं तेव्हा गिस्पर्टबद्दल मला एकदम आपलेपणा वाटायला लागला.

डिसेंबर १९३८ मध्ये गिस्पर्ट, सेसिल ली, फ्रेडरिक थॉमसन (ह्याला सगळे 'हॉर्स' म्हणत, आता घोडा सशामागे धावला म्हणायचं!), एरिक गॅल्विन वगैरे मंडळींनी धावायला सुरुवात केली. लवकरच सोमवार संध्याकाळ ठरली. का सोमवार, हे ज्यांनी रविवारी रात्र जागवली आहे त्यांना कळेल. मग सरकारी लफडं आलं. नियमित जमणाऱ्या कुठल्याही मंडळाने संस्था निबंधकाकडे नोंदणी केली पाहिजे असा कायदा. नोंदणी म्हटलं की नाव हवं. सरळ मार्गाने 'क्वालालंपूर हॅरियर्स' ठेवता आलं असतं, कोणाची हरकत नव्हती. पण गिस्पर्टने मेसचं नाव सुचवलं : 'हॅश हाऊस हॅरियर्स'. म्हणजे शब्दशः 'कुस्करा भवन शिकारी कुत्री'! सरकारी कागदावर हे नाव चढलं, आणि एका हिशेबनिसाने हे केलं याचं मला फार कौतुक वाटतं. आयुष्यभर ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाला कुठे तरी वात्रटपणा करायची जागा लागतेच.

आता खेळाचा गाभा. इथे जरा थांबून सांगतो, कारण मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला यात मजा आहे.

ससे निघतात, रबराच्या मळ्यातून, कथिलाच्या खाणींच्या कडेने, जंगलातून माग टाकत जातात. मागून कळप. सगळ्यांत जोरात पळणारे अर्थातच पुढे. पण ससे हरामखोर असतात. मध्येच माग तोडतात. ह्या जागेला 'चेक' म्हणतात. कपटे संपले! आता डावीकडे की उजवीकडे? पुढचे धावपटू दहा दिशांना पांगतात. कुठे तरी कपटे सापडतात, ते ओरडत सुटतात, आणि दोनेकशे मीटरवर कळतं की हा खोटा माग आहे. परत चेकवर. दुसरी दिशा. पुन्हा खोटा. एवढ्यात मागून येणारे, धापा टाकणारे, पोट सुटलेले, गप्पा मारत चालणारे सगळे चेकपर्यंत येऊन पोचतात. आणि मग कोणाला तरी खरा माग सापडतो. 'ऑन ऑन' अशी आरोळी उठते आणि सगळा कळप पुन्हा एकत्र सुटतो. पुढचा माणूस सबंध संध्याकाळी आठ किलोमीटर धावला असेल, मागचा पाच. पण पोचतात साधारण एकत्र.

थिअरी ऑफ मशिन्समध्ये वॉटचा गव्हर्नर शिकलो ते आठवा. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, त्यामुळे वाफेचा झडपा आवळला जातो, वेग खाली येतो. वेग कमी झाला की उलटं. हा चेक म्हणजे कळपाचा गव्हर्नर आहे! जेवढं जोरात पळाल तेवढे जास्त खोटे माग तुमच्या वाट्याला. फरक इतकाच की इथे वेग बांधण्यासाठी कोणाचे पाय बांधलेले नाहीत. जोरात पळणाऱ्याला त्याचा पुरेपूर घाम गाळायला मिळतो, सगळ्यांसाठी रस्ता शोधून द्यायचं काम मिळतं. आणि सावकाश येणाऱ्यालाही काम आहे : पुढचे चुकलेत हे डोळ्यांनी बघून तो शहाणपणाने तिसरीच दिशा धरतो आणि कधी कधी खरा माग त्यालाच सापडतो. चेक आणि खोटे माग ही गिस्पर्टची युक्ती नव्हे, जुन्या खेळातही माग तुटायचाच. पण मधल्या साठ-सत्तर वर्षांत शर्यतवाल्यांनी जे फेकून दिलं होतं तेच या मंडळींनी उचलून खेळाच्या मध्यभागी ठेवलं. तो रग्बी शाळेतला पाव तासाचा नियम आठवतोय? हॅशमध्ये तो नाही. पहिला कोण हे कोणी लिहून ठेवत नाही. उलट फार पुढे पुढे करणाऱ्याला शेवटी सगळ्यांसमोर उभं करून त्याची टर उडवायची पद्धत पुढे पडली.

ज्या कॉलेजात पहिल्या सेमपासून नोटीस बोर्डावर मेरिट लिस्ट लागते आणि केटीवाल्यांची दुसरी लिस्ट तिच्या शेजारीच लागते, तिथे राहून हे वाचताना मला वेगळंच वाटलं. पळायला लावायचं, भरपूर पळवायचं, आणि तरी मागे कोणाला टाकायचं नाही, अशी रचना करता येते. ती एका गोल अंगाच्या, चष्मेवाल्या माणसाने करून दाखवली, कारण मागे राहणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक असणार. हा माझा अंदाज आहे, पण फार चुकीचा नसावा.

पबाचं काय? जंगलात पब कुठून येणार. मग पबच सोबत न्यायचा! धावणं संपलं की टबात बर्फ, बर्फात बिअरच्या बाटल्या. क्लबाने पुढे १९५० साली नोंदणी केली त्यात उद्देश लिहिलेत : सभासदांची तब्येत सुधारावी, शनिवार-रविवारची उतरावी, चांगली तहान लागावी आणि ती बिअरने भागावी, आणि वय झालेल्या सभासदांना आपण वाटतो तितके म्हातारे नाही हे पटावं. असला अर्ज घेऊन आपल्याकडच्या धर्मादाय आयुक्तांकडे गेलो तर काय होईल, कल्पना करा.

आणखी एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मागे कोणाला टाकायचं नाही असं मी वर म्हटलं, पण मुळात कळपात घेतलं कोणाला होतं? साहेबांना. बायकांना प्रवेश नव्हता. ज्या रबराच्या मळ्यांतून ही मंडळी कपटे उधळत धावायची, त्या मळ्यांत आपल्या तमिळनाडूहून नेलेले हजारो मजूर झाडांना चरे पाडत होते. संध्याकाळी हे लाल तोंडाचे लोक ओरडत का पळतात, असा प्रश्न त्यांना पडत असेल. साहेबी राज्यातली ती साहेबांची मौज होती. गिस्पर्ट त्याच काळाचा माणूस, त्याला आजच्या मापाने मोजायला मी बसलेलो नाही. पण झाकूनही ठेवणार नाही. आज जगभरातल्या बहुतेक हॅशमध्ये बायका आहेत, सगळ्या देशांचे लोक आहेत. क्वालालंपूरचा मूळ क्लब मात्र पुरुषांचाच राहिला.

तीन वर्षं हे चाललं. शंभराहून जास्त वेळा ससे सुटले, कळप सुटला. मग खरी शिकार सुरू झाली.

८ डिसेंबर १९४१ ला जपानी सैन्य मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर, कोटा भारूला उतरलं. गिस्पर्ट तेव्हा रजेवर ऑस्ट्रेलियात होता. सुरक्षित. वय अडतीस, पेशाने हिशेबनीस, स्वयंसेवक दलातला हौशी सैनिक. तो तिथेच राहिला असता तर? हजार कारणं देता आली असती. पण तो परत आला. का आला, मनात काय होतं, हे मला माहीत नाही आणि रंगवून सांगायची इच्छाही नाही. एवढंच खरं की सगळे मलायातून बाहेर पडायची बोट शोधत असताना हा माणूस उलट दिशेने आला.

जपानी सैन्य सायकलींवरून रबराच्या मळ्यांतून खाली सरकत होतं. ११ जानेवारी १९४२ ला क्वालालंपूर पडलं. ३१ जानेवारीला उरलेलं सैन्य सिंगापूर बेटावर आलं आणि मागचा पूल उडवून दिला. शेवटी पूल ओलांडणाऱ्यांत 'आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स'ची दुसरी बटालियन होती. गिस्पर्टने सिंगापूरच्या लढाईत याच पलटणीबरोबर, कॅप्टन म्हणून काम केलं. ही बटालियन स्कॉटिश असली तरी बाराव्या भारतीय ब्रिगेडचा भाग होती, आणि तिच्या जोडीला ब्रिगेडमध्ये पंजाब आणि हैदराबाद रेजिमेंटच्या आपल्या पलटणी होत्या. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात सिंगापूर येतं ते आझाद हिंद सेनेमुळे. १५ फेब्रुवारीला ब्रिटिश शरण आले, १७ तारखेला फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी युद्धकैदी गोळा केले गेले, आणि तिथून ती गोष्ट सुरू झाली. गिस्पर्टची गोष्ट त्याच्या जेमतेम सहा दिवस आधी संपते.

बेटाच्या मध्यावर बुकित तिमा नावाची टेकडी आहे. उंची १६३ मीटर, आपल्या सह्याद्रीवाल्यांना हसू येईल अशी, पण बेटावरची सगळ्यांत उंच. दारूगोळा, अन्नाचे साठे तिच्याच आसपास. जपान्यांना ती ११ फेब्रुवारीपर्यंत हवी होती, कारण तो त्यांच्या साम्राज्याचा स्थापना दिन. ११ फेब्रुवारी १९४२ ला बुकित तिमाच्या परिसरातल्या लढाईत गिस्पर्ट मारला गेला. त्याच्या माघारी बायको आणि लहान मुलगा.

त्याने आयुष्यात एक क्लब पाहिला, एकच. तोही मरताना बंद पडलेला.

युद्ध संपलं. वाचलेले मित्र हळूहळू क्वालालंपूरला जमले. त्यांच्यात बेनेट नावाचा एक सभासद होता, टोपणनाव 'टॉर्च'. गंमत बघा, युद्धात झालेल्या नुकसानीची भरपाई सरकार देत होतं, तर या बहाद्दराने क्लबातर्फे रीतसर दावा ठोकला. नुकसान काय? दोन डझन मग, एक जुना टब आणि दोन जुन्या पिशव्या. पिशव्या कपटे भरायच्या असाव्यात. गिस्पर्ट असता तर त्या दाव्याचे आकडे त्यानेच लिहिले असते आणि घसाराही धरला असता! ऑगस्ट १९४६ मध्ये रेसकोर्सभोवती युद्धानंतरची पहिली धाव झाली.

पुढे बरीच वर्षं हे एका शहरापुरतंच होतं म्हटलं तरी चालेल. मग १९६२ मध्ये इयान कमिंग या जुन्या सभासदाने सिंगापूरला क्लब काढला, आणि तिथून जे सुटलं ते थांबलं नाही. सैन्यातले लोक, बँकवाले, वकिलातीतले कर्मचारी, आणि (हे वाचून बरं वाटेल) तेलकंपन्यांतले, धरणं-पूल बांधणारे इंजिनिअर हे सगळे बदली झाली की नव्या गावात पहिल्या महिन्यात हॅश काढायचे. अनोळखी देश, ओळख कोणाची नाही, मग सोमवारी पळा, पळून झालं की आपोआप पंचवीस मित्र. १९७८ मध्ये हाँगकाँगला जगभरच्या हॅशचा पहिला मेळावा भरला आणि मग दर दोन वर्षांनी भरू लागला. २००२ चा मेळावा तर आपल्या शेजारी, गोव्यात झाला. जगातून आलेली कुत्री आणि ससे गोव्याच्या लाल मातीत पळाले.

कागदाचे कपटे पावसात विरघळतात आणि कचराही करतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी आता पीठ किंवा खडू वापरतात. त्यातून भानगडी होतात त्या वेगळ्याच. २००७ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन शहरात एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये सशांनी पिठाचे ठिपके टाकले. लोकांना वाटलं विषारी पावडर! दुकान रिकामं केलं, पोलीस आले, आणि ठिपके टाकणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. बिचाऱ्यांनी सांगितलं ते साधं पीठ आहे, पण पटायला वेळ लागला.

आणि ती मूळ मेस? 'हॅश हाऊस' युद्धानंतर काही वर्षं चालू होती. मग तिथे पाणीपुरवठ्याचं ऑफिस आलं. १९६४ च्या सुमारास रस्ता रुंद करायचा म्हणून इमारत पाडली. जेवण शेवटपर्यंत सुधारलं होतं की नाही, याची नोंद कुठे सापडली नाही. क्लब मात्र तिथेच, क्वालालंपूरलाच आहे. अजून सोमवारीच पळतो.